सही केल्यानंतर

1920 साल उजाडण्याच्या सुमाराची जबलपूरची एक हकिकत आहे. एका नव्या हिंदी साप्ताहिकाचे डिक्लेरेशन करण्यासाठी तिशीतले एक संपादक जिल्हा मॅजिस्ट्रेटसमोर उभे होते. त्यांच्या खिशात इंग्रजीत लिहिलेले एक पत्र होते. ते वडीलधाऱ्यांच्या सल्ल्याने तयार केलेले होते आणि त्याचा मजकूर अगदी सावध होता: मी गरीब माणूस आहे, पोटापाण्यासाठी एक साप्ताहिक काढू इच्छितो. साहेबांनी विचारले, इथे एक इंग्रजी साप्ताहिक निघत असताना हे हिंदी कशाला? तरुणाने पत्र खिशातच राहू दिले आणि सरळ सांगून टाकले की मला असे पत्र काढायचे आहे, ज्यामुळे चालते ब्रिटिश सरकार चालता चालता थांबेल. साहेब खूश झाले म्हणतात. परवानगी मिळाली आणि 17 जानेवारी 1920 रोजी ‘कर्मवीर’चा पहिला अंक जबलपूरहून निघाला. संपादक होते माखनलाल चतुर्वेदी.

हिंदी वाचकांची ही आवडती गोष्ट आहे आणि ती सांगताना सगळा प्रकाश माखनलालजींवर पडतो, तो रास्तच आहे. मला मात्र खिशात राहिलेल्या त्या पत्राबद्दल जास्त कुतूहल वाटते. 1910 च्या प्रेस कायद्याने छापखान्यांकडून जामीन मागण्याचा आणि तो जप्त करण्याचा अधिकार सरकारला दिला होता. एक वाक्य चुकले की पत्र जन्माआधीच बुडायचे. वडीलधारी मंडळी सावध होती ती उगाच नव्हे. आणि या मंडळींमध्ये, ‘कर्मवीर’ची मूळ कल्पना ज्यांनी उचलून धरली त्यांत, अठ्ठेचाळीस वर्षांचे एक मराठी गृहस्थ होते. सरकारपुढे ठेवलेल्या कागदावर केलेली एक सही माणसाचे काय करते, हे त्यांच्याइतके त्या गावात दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हते. त्यांचे नाव माधवराव सप्रे.

मराठीत हे नाव क्वचितच ऐकू येते. हिंदीत मात्र ते पत्रकारितेच्या इतिहासाच्या पहिल्या काही पानांवर आहे. भोपाळला 1984 मध्ये स्थापन झालेले जुन्या वृत्तपत्रांचे मोठे संग्रहालय त्यांच्याच नावाचे आहे. पण माणूस आपला होता, तो तिकडे कसा गेला, असा आपल्याकडचा प्रश्न मुळातच चुकीचा आहे. ते कुठेही गेले नाहीत. 1781 मध्ये सागरच्या मराठ्यांनी गोंडांचे मंडल्याचे राज्य घेतले, 1798 मध्ये नर्मदेकाठचा हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि 1817 च्या डिसेंबरात जबलपूर इंग्रजांच्या हाती पडले. राज्य गेले, पण कारकुनी, भिक्षुकी, वकिली आणि मास्तरकी करणारी मराठी घरे सागर, दमोह, जबलपूर, बिलासपूर, रायपूर अशी विखरून राहिली ती राहिलीच. घरात मराठी आणि दारात हिंदी. दमोह जिल्ह्यातल्या पथरिया गावी 19 जून 1871 रोजी माधवरावांचा जन्म झाला तो अशाच घरात. वडील कोंडोपंत. पुढे कुटुंब बिलासपूरला गेले. शाळा बिलासपूरला, नंतर रायपूरला. काही काळ जबलपूरच्या रॉबर्टसन कॉलेजात, मग ग्वाल्हेर, आणि अडखळत अडखळत बी. ए.

सासरे सरकारी नोकरीत होते. जावयासाठी त्यांनी नायब तहसीलदारीची सोय केली. ती जावयाने नाकारली आणि पेंड्रा या आडवळणाच्या जमीनदारीत राजकुमाराचा शिक्षक म्हणून नोकरी धरली. तिथे बसून जानेवारी 1900 मध्ये वामनराव लाखे आणि रामराव चिंचोलकर या मित्रांबरोबर ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. तिघेही मराठी, पत्र हिंदी, गाव जंगलातले. तीन वर्षे तोटा सोसून ते 1902 च्या अखेरीस बंद पडले.

या मासिकात 1901 मध्ये माधवरावांनी ‘एक टोकरी भर मिट्टी’ नावाची एक छोटी गोष्ट लिहिली. हिंदीतल्या आरंभीच्या कथांमध्ये तिची गणना होते. पहिली कोणती यावर विद्वानांचे वाद आहेत, त्यात आपण पडू नये. गोष्ट साधी आहे. एका जमीनदाराला आपल्या वाड्याचे आवार वाढवण्यासाठी एका विधवेची झोपडी हवी असते. कोर्टकचेरी करून तो ती मिळवतो. म्हातारी एके दिवशी येते आणि चुलीसाठी झोपडीतली टोपलीभर माती मागते. टोपली भरून झाल्यावर ती जमीनदारालाच म्हणते, जरा हात लावा. त्याला ती उचलत नाही. मग ती विचारते की एका टोपलीचा भार उचलत नाही, तर या झोपडीतल्या हजारो टोपल्यांचा भार जन्मभर कसा उचलाल? जमीनदार वरमतो, माफी मागतो, झोपडी परत करतो. लिहिणारा तिशीचा होता. आपल्यालाही जन्मभर उचलावी लागेल अशी एक टोपली सात वर्षांवर ठेवलेली आहे, हे त्याला कुठून ठाऊक असणार!

मासिक बुडाल्यावर माधवराव नागपूरला आले. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेच्या वैज्ञानिक कोशासाठी त्यांनी अर्थशास्त्राचे हिंदी शब्द घडवले, ‘हिंदी ग्रंथमाला’ काढली, स्वदेशी आणि बहिष्कारावर पुस्तिका लिहिली. बंगालच्या फाळणीनंतरचे दिवस होते. टिळकांचा ‘केसरी’ हिंदी मुलखात पोचला पाहिजे या ध्यासातून 13 एप्रिल 1907 रोजी नागपुरातून ‘हिंदी केसरी’ सुरू झाला. पुण्याच्या अग्रलेखांचा आशय त्यातून आठवड्याला उत्तरेकडे जाऊ लागला. या पत्राने 1908 मध्ये राष्ट्रीय आंदोलन आणि बहिष्कार या विषयावर एक निबंध स्पर्धा घेतली. पहिला आला खंडव्याचा एकोणीस वर्षांचा शाळामास्तर माखनलाल चतुर्वेदी. हा धागा पुढे पुन्हा हाती येईल.

1908 चे साल मात्र स्पर्धांचे नव्हते. 30 एप्रिलला मुजफ्फरपूरला बॉम्ब पडला. जूनमध्ये छापखाने जप्त करता येतील असा वृत्तपत्रांचा नवा कायदा आला. 24 जूनला टिळकांना अटक झाली. जुलैत ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे यांना एकोणीस महिन्यांची आणि टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. पुण्यात पेटलेले नागपूरला पोचायला महिना लागला. 22 ऑगस्टला ‘हिंदी केसरी’चे माधवराव सप्रे पकडले गेले. ‘देशसेवक’चे संपादक अच्युत बळवंत कोल्हटकर यांच्यावरही त्याच सुमारास तीच आपत्ती आली. कलम तेच, 124 अ, राजद्रोह.

इथपर्यंतची गोष्ट आपल्या ओळखीची आहे. पुढचे पान कसे असायला हवे तेही आपल्याला पाठ असते: आरोपीच्या पिंजऱ्यातले बाणेदार भाषण, शिक्षा, तुरुंगातले वाचन, सुटकेनंतरची मिरवणूक. माधवरावांच्या बाबतीत पुढचे पान तसे नाही. नोव्हेंबर 1908 मध्ये त्यांनी माफीनाम्यावर सही केली आणि ते सुटले.

का केली? गोविंदराव हर्डीकरांनी लिहिलेल्या चरित्रात आणि हिंदीतल्या इतर आठवणींमध्ये जे येते ते असे. थोरल्या भावाने लहानपणापासून वडिलांच्या जागी राहून त्यांना शिकवले होते. तो भाऊ हवालदिल झाला. माधव माफी मागून सुटला नाही तर मी जीव देईन, अशा टोकाला गेला. जिवलग मित्र मध्ये पडले. तब्येत आधीपासून नाजूक. एका बाजूला देश, दुसऱ्या बाजूला आपल्याला वाढवणारा माणूस. माधवरावांनी भावाला निवडले.

आज आपण त्यांच्या वतीने वकिली करायला मोकळे आहोत. माफीनामा हा शब्द अलीकडे इतका चघळला गेला आहे की तो ऐकला की लोक लगेच दोन बाकांवर जाऊन बसतात. माधवरावांनी स्वतः मात्र वकिली केली नाही. सहीची लाज त्यांना वाटली ती तत्काळ आणि मुळापासून. त्यांच्या बाजूने सांगण्यासारखे बरेच होते: भाऊ, आजार, घरसंसार. कुणी विचारले असते तर लोकांनी ते मान्यही केले असते. पण झालेली गोष्ट दुसऱ्या कुणाच्या अंगावर टाकायची नाही, असे त्यांनी ठरवलेले दिसते. इकडे ‘हिंदी केसरी’ फार काळ टिकला नाही, ओळखीचे लोक रस्त्यात नजर चुकवू लागले, आणि राष्ट्रीय पक्षाच्या दृष्टीने सप्रे हे प्रकरण मिटले.

ते वर्ध्याजवळच्या हनुमानगडावर गेले. तिथे श्रीधर विष्णु परांजपे नावाचे रामदासी सत्पुरुष होते (‘काळ’कर्त्यांशी गल्लत नको). त्यांच्याकडे माधवरावांनी वर्षभर काढले. बी. ए. झालेला, कालपर्यंत अग्रलेख लिहिणारा, सदतीस वर्षांचा संपादक रोज झोळी घेऊन मधुकरी मागू लागला. मधुकरी या शब्दाला आता एक गोड, जुनाट वास येतो. प्रत्यक्षात ती दारोदार उभे राहून मिळेल ते शिळेपाके घेण्याची गोष्ट आहे. ज्या समाजापुढे आपण उपदेशकाच्या आसनावर बसलो होतो, त्याच्याच उंबऱ्यापाशी हात पसरून उभे राहायचे. प्रायश्चित्ताचे इतके नेमके रूप गुरूने सुचवले की शिष्याने शोधले, कोण जाणे.

हातात ‘दासबोध’ होता. समर्थांचा हा ग्रंथ निराश माणसाच्या डोक्यावरून हळुवार हात फिरवत नाही. दुसऱ्या दशकाची सुरुवातच मूर्खलक्षणांनी होते, आणि त्याच दशकाच्या शेवटी पढतमूर्खाचा समास येतो: शिकलेला, बोलण्यात हुशार, पण बोलल्याप्रमाणे न वागणारा. तो समास माधवरावांनी त्या वर्षी किती वेळा वाचला असेल आणि वाचताना पुढे कोणाचा चेहरा आला असेल, याची कल्पना करता येते. ते रायपूरला परतले ते या ग्रंथाचा हिंदी अनुवाद मनात घेऊन. पुढे तो पुण्यातून छापला गेला. सतराव्या शतकातली मराठी ओवी विसाव्या शतकातल्या हिंदी गद्यात जाऊन बसली, त्याच्या मागे नागपूरच्या कोठडीतली एक सही आहे.

संकटे माणसाला घडवतात, असे आपण फार सहज म्हणतो. नागपूरच्या कोठडीत संकटाने माधवरावांना घडवले नाही, मोडले. संकट ही काही शाळा नव्हे. तिथे कुणी शिकवायला बसलेले नसते. एकाच साली, एकाच कलमाखाली कितीतरी माणसे आत गेली आणि प्रत्येकाचे निराळे झाले. काही तुरुंगातून उजळून आले, काही कायमचे आजारी होऊन आले, काहींची नावेही उरली नाहीत. माधवरावांच्या बाबतीत जी वाढ दिसते तिची सुरुवात सही केल्यानंतर, आपण मोडलो हे पूर्ण कबूल केल्यावर होते. मोडलेला माणूस सहसा दोन वाटांनी जातो: एक तर आयुष्यभर समर्थन करत राहतो, किंवा गमावलेले नाव परत मिळवायला आधीपेक्षा मोठ्याने ओरडू लागतो. त्यांनी दोन्ही केले नाही. त्यांनी नावच बाजूला ठेवले. पुढची काही वर्षे ते टोपणनावांनी लिहीत राहिले, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्यांचे शब्द वाहून नेऊ लागले.

या अनुवादांत सर्वात मोठा कोणता, हे सांगायला मंडालेला जावे लागते. टिळकांनी तिथल्या तुरुंगात 1910 च्या नोव्हेंबरापासून 1911 च्या मार्चअखेरपर्यंत ‘गीतारहस्य’ लिहिले. ते 1914 मध्ये सुटून आले आणि 1915 मध्ये ग्रंथ बाहेर पडला. वर्षभरात, 1916 मध्ये, त्याची हिंदी आवृत्ती आली. अनुवादक माधवराव सप्रे.

क्षणभर थांबून हे पाहण्यासारखे आहे. दोघांवरचे कलम एकच, साल एकच. एकाने न्यायालयात मान तुकवली नाही आणि सहा वर्षे भोगून एक ग्रंथ घेऊन आला. दुसऱ्याने तीन महिन्यांत सही केली. आणि पहिल्याच्या तुरुंगातल्या ग्रंथाची शेकडो पाने दुसरा ओळीने ओळ आपल्या हाताने पुन्हा लिहून काढतो आहे. टिळकांच्या मनात जुने किल्मिष असते तर हे काम या माणसाला मिळाले नसते. माधवरावांच्या मनात ते असते तर त्यांनी हे काम मागितले नसते. रोज सकाळी आपल्याच पराभवासमोर बसण्यासारखे ते होते. तरी ते बसले.

त्यातही ग्रंथाचा विषय पाहा. गीता सुरू होते ती एका खचलेल्या माणसापासून. धनुष्य टाकून रथात बसलेल्या अर्जुनाचे कारणही आप्तांचेच होते. आणि टिळकांचा सगळा युक्तिवाद असा की गीतेचा रोख संन्यासाकडे नाही. ज्ञान झाल्यावरही कर्म सोडता येत नाही, लोकसंग्रहासाठी ते करावेच लागते. हनुमानगडावर जाऊन आलेल्या, विरक्तीकडे ओढ असलेल्या माणसाला हे वाक्यावाक्याने हिंदीत आणावे लागले. अनुवाद ही वाचनाची सर्वात सावकाश पद्धत आहे. तिथे एखादा मुद्दा पटला नाही म्हणून पान उलटता येत नाही. माझा तर्क असा की माधवरावांना मठातून पुन्हा माणसांत आणले ते या अनुवादाने. त्याचा पुरावा त्यांच्या पुढच्या चार वर्षांत आहे, आणि ती चार वर्षे पुष्कळशी जबलपूरची आहेत.

त्याच 1916 मध्ये हिंदी साहित्य संमेलनाचे सातवे अधिवेशन जबलपूरला भरले. अध्यक्ष होते महामहोपाध्याय रामावतार शर्मा. पंचवीस वर्षांपूर्वी याच गावात कॉलेजचा विद्यार्थी म्हणून माधवराव आले होते. आता ते व्यासपीठावर उभे राहिले आणि त्यांनी मागणी मांडली की शिक्षणाचे माध्यम देशी भाषा असावे. हिंदीत शिक्षणाला ‘शिक्षा’ म्हणतात. मराठीत शिक्षा म्हणजे दंड. दोन्ही भाषा घरच्या असलेल्या माणसाला त्या दिवशी भाषण करताना हा शब्द कानाला कसा लागला असेल, असे मला नेहमी वाटते. ज्याला शिक्षा झाली नाही आणि त्यामुळेच ज्याने इतकी वर्षे शिक्षा भोगली, तो माणूस शिक्षेच्या माध्यमाविषयी बोलत होता. आठ वर्षांनंतर इतक्या मोठ्या सभेत, उघडपणे, स्वतःच्या नावाने. त्यात राजकारण होते, पण घोषणा नव्हती. मुलांनी कोणत्या भाषेत भूगोल शिकावा इतकी ती जमिनीवरची गोष्ट होती. मध्य प्रांत दोन भाषांचा होता. नागपूरकडे मराठी, जबलपूर-रायपूरकडे हिंदी, आणि दोन्हींच्या डोक्यावर इंग्रजी. सप्रे कुठल्याच एका बाजूचे नव्हते म्हणून त्यांना दोन्ही बाजू दिसत होत्या.

जबलपूर तेव्हा जागे होत होते. सेठ गोविंददासांनी शारदा भवन नावाचे वाचनालय सुरू केले होते, त्यातून पुढे राष्ट्रीय हिंदी मंदिर आणि ‘श्रीशारदा’ मासिक निघाले. माधवरावांचा हात या सगळ्याच्या पाठीशी होता; पाठीशी हा शब्द इथे नेमका आहे, कारण पुढे ते कुठेच दिसत नाहीत. पंडित विष्णुदत्त शुक्ल आणि ते मिळून एका राष्ट्रीय साप्ताहिकाची जुळवाजुळव करू लागले. भागभांडवल जमवायचे, छापखाना उभा करायचा, माणसे गोळा करायची. 1907 मध्ये हे सगळे केल्यावर त्यांनी संपादक म्हणून स्वतःचे नाव घातले होते. या वेळी त्यांनी बारा वर्षांपूर्वीच्या निबंध स्पर्धेतला पहिला आलेला मुलगा शोधला. माखनलाल चतुर्वेदी शाळेची नोकरी केव्हाच सोडून ‘प्रभा’त नाव कमावून बसले होते. त्यांना खंडव्याहून बोलावून संपादकाच्या खुर्चीत बसवले.

याचा सोपा अर्थ लावता येतो: एकदा पोळलेला माणूस आता ताक फुंकून पितो आहे, धोक्याच्या खुर्चीत दुसऱ्याला बसवतो आहे. हा अर्थ अगदीच चूक म्हणवत नाही. माणसांचे हेतू एकेरी नसतात. पण नुसती भीती असती तर सोपा उपाय होता, पत्रच न काढण्याचा. आणि सावध माणसाने संपादक निवडताना सावध माणूस निवडला असता. त्यांनी जो निवडला तो खिशातले पत्र खिशातच ठेवणारा. आपल्यात जे नव्हते, किंवा ऐन वेळी जे निसटले, ते या तरुणात आहे हे ओळखायला आणि ते ओळखून त्याच्यासाठी जागा करायला एक निराळी ताकद लागते. ती 1908 च्या आधीच्या, ‘हिंदी केसरी’च्या सप्र्यांकडे होती असे मला वाटत नाही. मॅजिस्ट्रेटच्या कचेरीतली हकिकत त्यांना कळली तेव्हा त्यांना काय वाटले, हे कुणी लिहून ठेवलेले नाही. सुखावले असतील, आणि थोडे खुपलेही असेल.

‘कर्मवीर’भोवती जी मंडळी जमली त्यांत ठाकूर लक्ष्मणसिंह चौहान आणि त्यांच्या पत्नी सुभद्राकुमारी चौहान होत्या. सुभद्राकुमारी जबलपूरच्या झाल्या त्या इथून, आणि 1923 च्या झेंडा सत्याग्रहात याच गावातून त्या पुढे आल्या. पण ते स्वतंत्र लेखाचे काम आहे.

1921 मध्ये जे व्हायचे ते झाले. बिलासपूरला केलेल्या एका भाषणावरून माखनलालजींना अटक झाली. आरोप राजद्रोहाचा. तेरा वर्षांनी तोच आरोप पुन्हा सप्र्यांच्या पत्राच्या दाराशी आला. फरक एवढाच की आत जाणारा या वेळी दुसरा होता, आणि त्याने माफी मागितली नाही. बिलासपूर हे माधवरावांच्या लहानपणाचे गाव. तिथल्याच तुरुंगात त्यांचा शिष्य काही महिने राहिला. तिथे त्याने कविता लिहिल्या, आणि आज उत्तरेतल्या शाळांमधली मुले त्यातली फुलाची कविता पाठ म्हणतात. पुढच्या आयुष्यात माखनलालजी माधवरावांना गुरूच मानत राहिले. ज्याने सही केली होती त्याला, ज्याने केली नाही त्याने गुरू मानावे, यात काही विसंगती त्यांना कधी वाटली नाही.

माधवराव स्वतः तोवर रायपूर आणि जबलपूर अशा येरझाऱ्या घालत होते. रायपूरला मुलींसाठी जानकीदेवी महिला पाठशाळा त्यांनी आधीच काढली होती; असहकाराच्या काळात राष्ट्रीय विद्यालय निघाले. चिंतामणराव वैद्यांच्या महाभारतावरील मराठी ग्रंथाचा हिंदी अनुवादही याच वर्षांतला. 1924 मध्ये देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. मराठी मातृभाषेच्या माणसाला हिंदीने दिलेला हा मान होता, आणि त्या मानामागे सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट ठाऊक असलेले पुष्कळ लोक होते. त्यांनी ती विसरून हा मान दिला असे मला वाटत नाही. तिच्यासकट दिला.

जबलपूरचा ‘कर्मवीर’ पुढे थंडावला, आणि 4 एप्रिल 1925 पासून माखनलालजी तो खंडव्याहून काढू लागले. तब्येतीने खचलेले माधवराव 23 एप्रिल 1926 रोजी रायपूरला गेले. वय चोपन्न.

हिंदी ‘गीतारहस्य’ अजूनही छापले जाते. उत्तरेत कितीतरी घरांत ते आजोबांच्या काळापासून असते, कधी वाचलेले, बहुधा न वाचलेले. मुखपृष्ठावर टिळकांचे नाव मोठ्या अक्षरांत असते. आत, पान उलटल्यावर, लहान अक्षरांत: अनुवादक, माधवराव सप्रे.